आमची वाटचाल: कुंडीपासून ओट्यापर्यंत

आम्ही मुळात कुंड्यावाले. म्हणजे मी सिमेंटच्या कुंड्या ओतायचो आणि माझा मेहुणा सुतारकाम करायचा. त्यानं घरचं स्वयंपाकघर नव्यानं करायला काढलं, तेव्हा ओट्यासाठी दगड बघायला आम्ही दोघं गेलो होतो. परत येताना तो म्हणाला, "दाजी, कुंडी ओतता, मग ओटा का नाही?" नाही म्हणायला कारण सुचलं नाही, म्हणून हो म्हणालो. आमच्या धंद्याचा मुहूर्त इतकाच.

(काँक्रीटमध्ये लोखंडी जाळी घालण्याचं एक गाजलेलं पेटंट जोसेफ मोनिए या फ्रेंच माळ्यानं १८६७ साली घेतलं होतं, तेही बागेतल्या कुंड्यांसाठीच. हे पुढे कळलं तेव्हा कुंड्यावाला असल्याचा संकोच जरा कमी झाला.)

पहिला ओटा दोन मीटर लांब, ६० सेंटिमीटर रुंद आणि ४ सेंटिमीटर जाड होता. सगळी मापं तीनतीनदा घेतली, वजनाचा हिशोब मात्र एकदाही केला नाही. काँक्रीट घनमीटरला साधारण २४०० किलो भरतं. त्या हिशोबानं सिंकचं भोक वजा न करता ती लादी ११५ किलोची होते. दोघांनी उचलायची ठरवली होती, शेवटी शेजारच्या चौघांना हाक मारली. सहा जणांनी ती जेवणाच्या ताटासारखी आडवी धरली. दारापर्यंतही पोचलो नाही. सिंकच्या भोकापुढे जी अरुंद पट्टी असते, तिथून "कट्" असा आवाज आला.

काँक्रीट दाबाला दणकट आणि ताणाला लेचंपेचं. दाबाला जेवढं टिकतं, त्याच्या जेमतेम दहाव्या हिश्शाइतका ताण ते सोसतं. लादी आडवी धरली की मध्ये झोळ पडू पाहतो, खालची बाजू ताणली जाते, आणि जिथं सगळ्यात कमी माल आहे तिथं ती सुटते. आता आम्ही लादी काचेसारखी उभी धरून नेतो. सिंकच्या भोकाचे कोपरेही गोल ठेवतो, कारण काटकोनी कोपरा म्हणजे चिरेला आमंत्रण. त्या पहिल्या ओट्याचे दोन तुकडे कारखान्याबाहेर बाक म्हणून ठेवले आहेत. नवीन पोरगा कामाला आला की चहा तिथंच बसून प्यायचा.

जागेवर ओतायचं की कारखान्यात, हा प्रश्न लोक अजूनही विचारतात. जागेवर ओतलं तर सांधा येत नाही, अवजड लादी जिन्यावरून चढवावी लागत नाही. पण लोकांच्या घरात ओला माल, पाणी, घासकाम, आणि तेवढे दिवस स्वयंपाकघर बंद. दोन ओटे तसे केले आणि थांबलो. कारखान्यात साचा उलटा असतो, म्हणजे ओट्याची वरची बाजू साच्याच्या तळाशी. तळाची फळी जितकी गुळगुळीत तितका ओटा गुळगुळीत. फळीवर ओरखडा असेल तर तो उतरतो, कोपऱ्यात सिलिकॉनची रेघ वाकडी ओढली असेल तर कड वाकडी येते. म्हणून मी नेहमी म्हणतो, काँक्रीटच्या ओट्याचं निम्मं काम सुतारकाम आहे. मेहुण्याच्या मते पाऊण.

माप घ्यायलाही तोच जातो. गुण्या लावून बघितलं की घरातली भिंत क्वचितच काटकोनात सापडते. त्यामुळे नुसते आकडे लिहून आणत नाही. हार्डबोर्डच्या पट्ट्या जागेवर चिकटवून ओट्याचा अख्खा नमुना करून आणतो आणि साचा त्यावरून बेततो.

माल कालवताना सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे पाण्याचा मग. माल घट्ट वाटतो, हात शिवशिवतो, अजून एक मग ओतावासा वाटतो. १० किलो सिमेंटला ४ लिटरच्या वर आम्ही जात नाही. माल सैल हवा असेल तर प्लास्टिसायझर, म्हणजे पाणी न वाढवता माल सैल करणारं रसायन, घालतो. जास्तीचं पाणी पुढे उडून जातं, काँक्रीट आकसतं, बारीक चिरा पडतात आणि रंगही फिकटतो. रंगासाठी आयर्न ऑक्साइड वापरतो, तेही तोलून, सिमेंटच्या वजनाच्या दहा टक्क्यांच्या आत. एका ओट्याचे दोन भाग असतील तर दोन्ही एकाच दिवशी, एकाच खेपेच्या सिमेंटचे.

ओतल्यावर ओलावा टिकवायला आम्ही लादीवर प्लास्टिक टाकायचो. एकदा ते सुरकुतलं, जिथं टेकलं तिथं एक छटा आणि उचललेलं राहिलं तिथं दुसरी. सगळ्या लादीवर नकाशा उमटला. माफी मागायला गेलो, तर गृहस्थांना ते ढगांसारखं दिसलं आणि भारीच आवडलं. पुढच्या महिन्यात त्यांच्या भावाला तसेच ढग हवे होते. आम्ही चार नमुने खराब करून पाहिले, एकावरही ढग आले नाहीत.

पहिल्या वर्षी ग्राइंडर कोरडाच चालवायचो. संध्याकाळी दोघं पांढरे होऊन घरी जायचो आणि त्यातच काय ती मर्दुमकी वाटायची. त्या धुळीत सिलिका असते, ती फुप्फुसात जाऊन बसते. आता घासकाम पाण्याखालीच, आणि मास्कशिवाय मशीनला हात नाही. ओल्या सिमेंटनं कातडी भाजते, म्हणून हातमोजेही सक्तीचे.

आमची खरी चूक मात्र कारखान्यातली नव्हती, ती जाहिरातीतली होती. पहिल्या पत्रकावर आम्ही छापलं होतं: "डाग पडत नाहीत." एका बाईंच्या ओट्यावर लिंबाची कापलेली फोड रात्रभर राहिली. सकाळी तिथं फिकट, खरखरीत चकती. बाई काही बोलल्या नाहीत. त्यांनी पत्रकच माझ्यापुढे ठेवलं.

त्या चकतीला डाग म्हणणंही चूक आहे. डाग म्हणजे रंग आत शिरणं, तेल शिरतं तसं. लिंबाचं आम्ल सिमेंटमधला चुनाच खातं, पृष्ठभाग झिजतो. सीलर म्हणजे ओट्याला वरून लावायचं संरक्षक लेपन. आत मुरणारं सीलर तेलाला बरंच अडवतं, आम्लाला नाही. इपॉक्सीसारखा वर थर देणारं सीलर आम्लही अडवतं, पण त्यावर चुलीवरून उतरवलेलं भांडं ठेवलं की थर बिघडतो, आणि सुरीचे ओरखडे उठून दिसतात. काँक्रीटला उष्णतेचं फारसं काही नसतं, त्याच्या अंगावरच्या झग्याला असतं. दोन्ही गोष्टी एकदम मिळतील असं जो सांगतो, तो एक तर नवखा आहे किंवा आमच्या पहिल्या पत्रकासारखा आहे.

बाईंचा ओटा आम्ही फुकट घासून, पुन्हा सील करून दिला आणि पत्रकं रद्दीत घातली. तेव्हापासून ऑर्डर घेण्याआधी एक फूट बाय एक फुटाची लादी देतो. अर्ध्यावर आत मुरणारं सीलर, अर्ध्यावर थराचं. पंधरा दिवस वापरा म्हणतो. तेल सांडा, लिंबू ठेवा, गरम भांडं टेकवा, त्यावर भाजी चिरा. निम्मे लोक परत येत नाहीत. मेहुण्याला सुरुवातीला हे झोंबायचं, "दाजी, गिऱ्हाईक आपणच हाकलतोय." पण जे परत येतात त्यांची पुढे तक्रार येत नाही, आणि आमची बरीचशी कामं त्यांच्याच ओळखीनं येतात.

आता जाळीऐवजी काचेचे तंतू वापरतो, तेही सिमेंटच्या अल्कलीला टिकणारे. साधी काच त्यात हळूहळू खाल्ली जाते. जाडी अडीच सेंटिमीटरवर आली, वजन बरंच उतरलं. तरीही लादी बसवण्याआधी कपाटं लेव्हलमध्ये आहेत का ते बघतो, पाचरी मारतो आणि भिंतीशी तीनेक मिलिमीटर जागा सोडून ती सिलिकॉननं भरतो. कपाट डुगडुगत असेल तर लादी परत गाडीत.

परवा एक आजी नमुन्याची लादी परत द्यायला आल्या. मी उलटसुलट करून पाहिली. ओरखडा नाही, तेलाचा ठिपका नाही, दिली होती तशीच. विचारलं, तर म्हणाल्या, "अहो, खराब होईल म्हणून फडक्यात गुंडाळून ठेवली होती."

मी त्यांना ग्रॅनाइट घ्यायला सांगितलं. त्यांनी घेतलाही. लादी मात्र मागून नेली, देवघरात समई ठेवायला.