पावणेपाच कुठले?

चीनमधल्या ग्वांगचौमध्ये मी नऊ वर्षं दुभाष्याचं काम करते. १९५७ पासून वर्षातून दोनदा इथे कँटन फेअर हा मोठा व्यापारी मेळा भरतो आणि माझी वर्षाची निम्मी कमाई त्या दिवसांतली. यंत्रसामग्री पहिल्या टप्प्यात असते, म्हणून तेव्हा जळगावचे बरेच लोक येतात. हे काका त्यातलेच. प्लास्टिकच्या चटयांचा कारखाना, वय साठीकडे झुकलेलं. बॅगेत निम्मे कपडे आणि निम्मी शेव, लसणाची चटणी.

चौथ्या दिवशी सकाळी ते हॉटेलच्या लॉबीत आले ते पोट धरूनच. "बेटा, आज मेळा राहू दे. रोज पहाटे जुलाब. अंगात त्राण नाही." हॉटेलपासून दोन चौकांवर चिनी औषधांचं रुग्णालय होतं. मोठ्या रुग्णालयात रांगेत दिवस गेला असता, म्हणून तिथेच नेलं. खिडकीवर पासपोर्ट दाखवून नाव नोंदवलं आणि बाहेरच्या बाकावर बसलो. समोर भिंतीवर तो तक्ता होता, अशा ठिकाणी हमखास असतो तो. दिवसाचे बारा भाग, प्रत्येक दोन तासांचा, आणि प्रत्येक भागावर एका अवयवाचा हक्क. पहाटे पाच ते सात मोठं आतडं, सात ते नऊ जठर, नऊ ते अकरा प्लीहा, दुपारी एक ते तीन लहान आतडं. रात्री अकरा ते एक पित्ताशय, पुढे तीनपर्यंत यकृत. काकांनी सगळा वाचून घेतला आणि म्हणाले, "म्हणजे आमच्या कारखान्यासारख्या शिफ्टाच की!"

शरीराला घड्याळ असतं यात शंका नाही. पेशीतलं हे घड्याळ कसं चालतं ते शोधणाऱ्या तिघांना २०१७ मध्ये नोबेल मिळालं. रात्री आतडी मंद असतात, जाग आल्यावर हलू लागतात. पण प्रत्येक अवयवाला नेमके दोन तास नेमून दिलेत, याला काही पुरावा नाही. मी मात्र तिथे मत द्यायला गेले नव्हते, भाषांतर करायला गेले होते. आणि तेच मी धड केलं नाही.

डॉक्टर बाई साठीच्या, बारीक केस कापलेल्या. काकांचं मनगट छोट्या उशीवर ठेवून तीन बोटांनी नाडी बघितली, आधी एका हाताची, मग दुसऱ्या. जीभ बघितली. कडेला दातांचे ठसे उमटलेले होते, ते मलाही दिसले. मग विचारलं, "किती वाजता जावं लागतं?"

"पावणेपाच," काका म्हणाले. "घड्याळ लावून घ्या."

मी तसंच सांगितलं. बाईंचा चेहरा खुलला. जुन्या चिनी हिशोबात रात्रीचे पाच प्रहर, आणि पाचवा पहाटे तीन ते पाच. त्या वेळच्या जुलाबांना तिथे स्वतंत्र नावच आहे, पाचव्या प्रहराचे जुलाब. कारणही ठरलेलं, प्लीहा आणि मूत्रपिंड यांची ऊब कमी पडते. त्या बोलल्या आणि मी शब्दाला शब्द ठेवून मोकळी झाले, "काका, तुमची प्लीहा थंड पडलीय."

काका पांढरेफटक. "थंड पडली म्हणजे? गेली का?"

नऊ वर्षांनंतरही हा शब्द मला नडतो. प्लीहेला चिनीत 'फी' म्हणतात, पण चिनी वैद्यकातली 'फी' म्हणजे बरगडीखालची पाणथरी नव्हे. खाल्लेल्याचं रस-रक्त करून अंगभर पोचवणारी ताकद, असं काहीतरी. मी सावरून घेतलं, "म्हणजे अग्नी मंद झालाय."

"अग्निमांद्य म्हण ना मग! जीव घेतलास."

तोवर बाईंनी लिहायला घेतलं होतं. औषधाचं नाव 'चार देवांची गोळी'. मी मोबाईलवर एकेक नाव शोधून सांगत होते. पहिलं निघालं बावची, दुसरं जायफळ. पुढची दोन आपल्याकडची नव्हेत, सोबत आलं आणि लाल बोरं. जायफळ म्हटल्यावर काका हसले. "माझी आई बाळगुटीत उगाळायची. त्यासाठी चीनला आलो होय!" आणि नाडी दाखवताना सरकवलेलं घड्याळ त्यांनी मनगटावर खाली ओढलं.

माझी नजर त्यावर गेली. सव्वाआठ.

भिंतीवरच्या घड्याळात पावणेअकरा झाले होते.

"काका, हे घड्याळ...?"

"जळगावचंच आहे. चार दिवसांसाठी कोण काटे फिरवत बसतो? रोज सकाळी कारखान्यात फोन करायचा असतो."

म्हणजे त्यांचे पावणेपाच इथले सव्वासात. पाचवा प्रहर कधीच उलटून गेलेला, तक्त्यावर जठराची पाळी सुरू. कान तापले माझे. 'किती वाजता'च्या पुढे 'कुठले' हे मी विचारायला हवं होतं, तेवढ्याचेच मला पैसे मिळतात. चूक माझी, असं बाईंना सांगून टाकलं.

त्या रागावल्या नाहीत. पेन खाली ठेवला. "घरी असताना?" घरीही पावणेपाचलाच, काका म्हणाले. बाई मान डोलवत राहिल्या. पूर्वी घड्याळं कुठे होती, सूर्यावर मोजायचे. यांचं पोट अजून त्यांच्या गावच्या सूर्यावर चाललंय. मग अचानक, "घरी कधीपासून?"

"तीनेक महिने."

"तीन महिन्यांपूर्वी नवीन काय सुरू केलं?"

"काही नाही," काका म्हणाले. मी नुसतं त्यांच्याकडे बघत राहिले. जरा वेळाने शर्टाच्या खिशातून गोळ्यांची पट्टी निघाली. "साखरेची आहे. घरी सांगितलेलं नाही कुणाला."

मेटफॉर्मिनचं चिनी नाव मला येत नव्हतं, मी पट्टीच पुढे केली. बाईंनी नाव मोबाईलमध्ये टाकलं आणि ताडकन म्हणाल्या, "अर-च्या-श्वांग-क्वा!" इथल्या चिनी वैद्यांना पाश्चात्त्य वैद्यकही शिकावं लागतं. या गोळीने कित्येकांना जुलाब होतात, त्यातून ती उपाशीपोटी घेतली तर जास्तच. आणि काका कारखान्यातून यायला उशीर झाला की आधी गोळी घेत, जेवण अकराला. इथेही तेच चाललेलं.

बाईंनी लिहिलेला कागद फाडला. चार देव टोपलीत गेले. गोळी मनाने बंद करायची नाही, आजच आपल्या डॉक्टरांना फोन करायचा आणि सकाळी पातळ भात खायचा, एवढंच सांगितलं. त्या घाईने औषध देऊन मोकळ्या झाल्या असत्या तर मला कळलंही नसतं.

जळगावचा दवाखाना दहाला उघडतो, म्हणजे इथले साडेबारा. तोवर समोरच्या खानावळीत बसलो. वाडगा समोर आल्यावर काका वाकून वास घेत म्हणाले, "अरे, ही तर पेज!" आणि मी नको म्हणेपर्यंत त्यात शेव पडलीसुद्धा.

फोनवर त्यांच्या डॉक्टरांनी आधी झापलं, मग गोळी जेवणासोबत घ्यायला सांगितलं, परत आल्यावर भेटायचं ठरलं.

संध्याकाळी काकांचा निरोप आला, "बेटा, उद्या मेळ्याला जाऊ. सातला उघडतो ना?"

मी साडेनऊ म्हणायला गेले, आणि थांबून हिशोब केला. बरोबर होतं त्यांचं.