तुम्ही विचारलंत म्हणून: चेकचा शर्ट आणि बँकेचा चेक

मी इंग्रजी शिकवते. दर नव्या बॅचमध्ये कुणीतरी हा प्रश्न विचारतंच: चेकचा शर्ट, बँकेचा चेक, 'मेल चेक कर' मधलं चेक आणि बुद्धिबळातला चेक, हा एकच शब्द की उच्चार तेवढा सारखा?

एकच शब्द. आणि सगळ्यांचं मूळ बुद्धिबळाच्या पटावर आहे. चेक प्रजासत्ताकातला 'चेक' तेवढा वेगळा, त्याचा या कुळाशी काही संबंध नाही.

फारसीत राजाला शाह म्हणतात. आपला चतुरंग इराणात गेला तेव्हा त्याचा चत्रंग झाला, पुढे अरबांकडे शतरंज झाला. समोरच्याच्या राजावर हल्ला केला की 'शाह!' म्हणून सावध करायची रीत होती. हा पुकारा अरबांमार्फत युरोपात पोचला. लॅटिनमध्ये तो 'स्काकुस' झाला, जुन्या फ्रेंचमध्ये 'एशेक', आणि इ.स. १३०० च्या सुमारास इंग्रजीत 'चेक'. त्याच फ्रेंच शब्दाच्या अनेकवचनातून 'चेस' आला. म्हणजे चेक आणि चेस ही मुळात एकाच शब्दाची दोन वचनं.

मराठीत हाच शब्द थेट फारसीतून आला आणि 'शह' झाला. वर्तमानपत्रात रोज शह-काटशहाचं राजकारण वाचतो, त्यातला हा शह. पातशहा, आदिलशाही, निजामशाही यांतही तोच राजा बसलेला आहे. इतकंच कशाला, 'लोकशाही'तला 'शाही' त्याच शाहचा. वर्गात हे सांगितलं की क्षणभर सगळे गप्प होतात आणि मला फार आनंद होतो. फळ्यावर एका बाजूला 'चेक' आणि दुसऱ्या बाजूला 'लोकशाही' लिहून मधे रेघ ओढायला मला मनापासून आवडतं.

आता अर्थांकडे येऊ. शह बसला की बाकीचे सगळे बेत बाजूला ठेवून आधी राजा वाचवावा लागतो. डाव तिथल्या तिथे अडतो. त्यामुळे 'चेक'ला चौदाव्या शतकातच अडवणं, रोखणं हा अर्थ आला. पुढे लगाम घालणं, ताब्यात ठेवणं, आणि सतराव्या शतकात पडताळून पाहणं. रोखून धरल्याशिवाय तपासणी होत नाही, हा त्यामागचा सरळ व्यवहार. मुलुंड चेकनाका आठवा. जकातीसाठी गाड्या तिथे थांबवायच्या आणि मालाची तपासणी करायची; शब्दाचे दोन्ही अर्थ एकाच ठिकाणी. २०१७ मध्ये मुंबईतली जकात गेली, पण रिक्षावाल्याला आजही 'चेकनाक्याला सोडा' असंच सांगतात. हॉटेलातलं चेक-इन आणि डॉक्टरांकडचं चेकअप ही याच फांदीची पानं.

शर्टाचं सोपं आहे. बुद्धिबळाच्या पटाला जुन्या फ्रेंचमध्ये 'एशेकिए' म्हणत. त्यावरून पटासारखी चौकडी असलेलं कापड 'चेकर' आणि थोडक्यात 'चेक'.

पण या सगळ्यात मला सर्वात जास्त जीव लावणारी गोष्ट पैशांची आहे. बाराव्या शतकात इंग्लंडच्या राजाचा वसूल तपासायला एक मोठं टेबल मांडत. त्या काळच्या खजिनदाराने, रिचर्ड फिट्झनीलने, त्याचं बारीक वर्णन लिहून ठेवलं आहे. टेबल सुमारे दहा फूट लांब, पाच फूट रुंद. ठेवलेलं काही खाली पडू नये म्हणून कडेने चार बोटं उंच काठ. वर रेघा आखलेलं काळं कापड. एका बाजूला राजाचे अधिकारी, समोर आपल्या परगण्याचा वसूल घेऊन आलेला शेरीफ. मुंबईत नगरपालाला शेरीफ म्हणतात, ते पदनाम या अंमलदारावरूनच आलेलं. मोजणारा माणूस रकमेप्रमाणे सोंगट्या मांडत जाई: पहिल्या रांगेत पेन्स, मग शिलिंग, मग पौंड, मग वीस पौंडांची रांग, शंभराची, हजाराची. येणं किती आणि भरलं किती, हे एकाखाली एक मांडून सोंगट्या उचलत जायच्या.

त्या वेळी तिथे हिशेब रोमन आकड्यांत लिहीत, आणि त्या आकड्यांनी वजाबाकी करणं म्हणजे मोठी जिकीर. कापडावर मात्र रिकामी रांग आपोआप शून्याचं काम करी. अक्षरओळख नसलेल्या शेरीफालाही आपली बाकी डोळ्यांसमोर दिसे. हे टेबल पटासारखं दिसतं म्हणून त्याचं नाव 'एक्स्चेकर' पडलं. फिट्झनील तर पुढे जाऊन म्हणतो की पटावर दोन राजे लढतात, तसे इथे खजिनदार आणि शेरीफ लढतात. टेबल गेलं, कापड गेलं, नाव राहिलं. ब्रिटनचा अर्थमंत्री आजही 'चॅन्सेलर ऑफ द एक्स्चेकर'.

बँकेचा चेक यायला अठरावं शतक उजाडलं. तोही आधी पडताळणीचाच चेक होता. पैसे देण्याच्या छापील चिठ्ठीचा जो भाग मागे ठेवत, त्या स्थळप्रतीला चेक म्हणत. चिठ्ठी खरी की बनावट, हे तिच्याशी ताडून बघता येई. हळूहळू नाव चिठ्ठीलाच चिकटलं. अमेरिकेत स्पेलिंग साधंच राहिलं. इंग्लंडमध्ये एक्स्चेकरच्या वळणाने त्यात 'क्यू' शिरला आणि तोच आपल्या बँकांच्या चेकबुकावर आला. अमेरिकेतल्या आपल्या मंडळींना हॉटेलातलं बिलही 'चेक' म्हणून मिळतं, तेव्हा गोंधळू नका, शब्द तोच आहे.

याला जोडून हमखास येणारा दुसरा प्रश्न: चेकमेटमधला 'मेट' म्हणजे दोस्त का? नाही. मूळ फारसी 'शाह मात'. अरबी 'माता' म्हणजे मेला, म्हणून 'राजा मेला' असा अर्थ पुष्कळ जण सांगतात. दुसरं मत असं की फारसी 'मात' म्हणजे हतबल, निरुपाय झालेला. मला हे दुसरं पटतं, कारण बुद्धिबळात राजा कधीच मारला जात नाही, त्याला फक्त जागा उरत नाही. आपण 'संकटावर मात केली' म्हणतो, ती मातही याच घरातली.

गोव्यातल्या वाचकांसाठी एक खास गंमत. पोर्तुगीजांनी खेळाचं नाव शाहवरून घेतलं नाही, शतरंजवरून घेतलं: 'शद्रेश'. आणि त्यांच्याकडे चौकडीच्या कापडालाही शद्रेशच म्हणतात. म्हणजे लिस्बनमधल्या चेकच्या शर्टाच्या नावात आपला चतुरंग आहे.

मुलांना खेळताना 'चेक' म्हणायला शिकवावं की 'शह', असंही पालक विचारतात. आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे दोन्हीपैकी काहीच म्हणावं लागत नाही. घरी मात्र 'शह' म्हणू द्या. मूळ पुकारा तोच आहे, आणि आपल्याकडे तो जवळजवळ जसाच्या तसा टिकला आहे.