दुसरं घर

रविवार, २३ नोव्हेंबर २०२५. रात्रीचे साडेदहा.

समोरच्या खोलीत कापूस भरलाय, आढ्याच्या हातभर खालपर्यंत. हमीभाव ८,११० रुपये, दारावर येणारा व्यापारी त्याच्या बराच खाली बोलतो, म्हणून आम्ही थांबलोय. सगळं गावच थांबलंय. या कापसानं अंगाला खाज सुटते आणि रात्रभर डोळ्याला डोळा लागत नाही. काल तशीच जागी होते, तर भाच्यानं मोबाईलमध्ये भरून दिलेला एक इंग्रजी सिनेमा लावला. नाव ‘मास’. मला वाटलं श्रावणमास, अधिकमास तसं काही. तिकडे तो चर्चमधल्या प्रार्थनेचा शब्द आहे म्हणे.

सिनेमा एकशे अकरा मिनिटांचा, पण खालची अक्षरं वाचत, थांबवत, मागे नेत बघितला. दोन वाजले.

गोष्ट म्हणावी तर एवढीच. शाळेत गोळीबार झालेला असतो. त्याला काही वर्षं लोटल्यावर दोन जोडपी एका चर्चच्या मागच्या खोलीत भेटतात. एकाचा मुलगा त्यात मारला गेलेला. दुसऱ्याच्या मुलानं गोळ्या झाडल्या आणि शेवटी स्वतःलाही संपवलं. टेबल, खुर्च्या, चौघं जण आणि बोलणं. गोळीबार दाखवतच नाहीत. फ्रॅन क्रान्झ हा मुळात नट, हा त्यानं लिहून दिग्दर्शित केलेला पहिलाच सिनेमा, २०२१ चा. अमेरिकेतल्या पार्कलंडच्या शाळेत २०१८ साली गोळीबारात १७ जण गेले तेव्हा त्याची स्वतःची मुलगी अगदी लहान होती, त्या धास्तीतून हे सुचलं म्हणे.

सुरुवात मला लांबलेली वाटली. चर्चमधली बाई खोली लावते आहे, खायचं किती ठेवायचं, डोळे पुसायच्या कागदांचा डबा टेबलावर नेमका कुठे ठेवायचा, यावरच किती वेळ. मी वैतागले होते. मग वाटलं, अगं, आपण तरी काय करतो? मौतीच्या घरी गेलं की सतरंजी कुठं टाकायची, चहा किती जणांचा मांडायचा, कडू घास कोण आणणार, हेच बोलतो ना आधी दोन तास? आणि बहुतेक वेळा तेवढंच बोलून घरी येतो.

गोळ्या झाडणाऱ्याचा बाप बोलतो कोरडा, हिशेबी. आधी राग आला त्याचा. त्याची बायको मात्र येताना फुलं घेऊन येते. ज्यांचा मुलगा तिच्या मुलानं मारला, त्यांच्यासाठी फुलं! ती ठेवायची कुठे हेच कुणाला कळत नाही. तिथे मी सिनेमा थांबवला आणि उठून पाणी प्यायले.

कारण आमच्या गावात अशी दोन घरं आहेत.

दोन वर्षांपूर्वी, दिवाळीच्या आधी, पुलगावकडून येताना दोन पोरं गाडीसकट उभ्या ट्रॉलीत घुसली. ट्रॉलीला मागे लाल दिवा नाही, चमकपट्टी नाही. मागे बसलेला जागीच गेला, चालवणारा तिसऱ्या दिवशी दवाखान्यात. दोघंही माझ्याकडे चौथीला होते, एकाच बाकावर. गुन्हा नोंदवला गेला तो गाडी चालवणाऱ्या पोराच्या नावावर. मेलेल्या पोराच्या नावावर. मागे बसलेल्याच्या घरी अख्खा गाव बसायला गेला, तेरवीला पंगती उठल्या. दुसऱ्या घरी चार नातेवाईक. “यानंच नेलं न त्याले गाडीवर,” असं पाण्याच्या टाकीजवळ बाया उघड बोलत. मी बोलले नाही. पण गेलेही नाही. पहिल्या घरी मी तीनदा जाऊन आले होते.

तिकडचा पोरगा खुनी आणि हा तर फक्त पुढे बसला होता. तुलनाच करायला नको. पण रात्री ती फुलं घेऊन आलेली बाई बघताना मला दिसत होती ती आमच्याच आळीतली, हिरवं लुगडं, दारात उभी, रस्त्यावरून कोण येतंय ते बघणारी. तेव्हा मी दुकानाच्या बाजूनं वळून गेले होते. दळण न्यायचं होतं, असं मनाशी म्हटलं. दळण नव्हतंच.

आज दुपारी गेले. बहाणा वेचायला बाई मिळेल का, हा.

छपरीत खाट टाकली तिनं. भिंतीवर फोटो, हार वाळलेला. फोटोखालच्या फळीवर तान्ह्या पोळ्याचा लाकडी बैल. एक शिंग तुटलेलं, पाठीवर झूल म्हणून जुन्या साडीचा जरीकाठ चिकटवलेला. चिकटवताना खळ बाहेर आलेली, ती तशीच वाळून पिवळी पडली आहे. मला आठवला तो बैल. शाळेत आणला होता. मी एवढंच म्हटलं, “यंदा बोंड लवकर फुटलं.” ती म्हणाली, “हो ना मॅडम.” मग वेचाई, मग मोबाईलवरची नोंदणी, मग तिच्या सुनेच्या माहेरचा पाऊस. तिचा नवरा आतून आला, बसला आणि कुणी न विचारता म्हणाला, “सात वाजून दहा मिनटं झालते तेव्हा. अंधार पडला होता. ट्रॉली दुपारपासून उभी होती तिथं.” मिनिटांसकट पाठ आहे त्याला. म्हणून झाल्यावर उठून गोठ्याकडे गेला. सिनेमातल्या त्या बापावर रागावले होते, ते आठवून लाज वाटली.

अर्धा तास झाला. नाव ना तिनं घेतलं ना मी. उठले, पायरीवर एक चप्पल घातली.

“मॅडम.”

वळून बघितलं, तर ती माझ्याकडे नाही, अंगणात बघत होती.

“मीच फोन केलता त्याले. म्हटलं लवकर ये, भाकर थंडी होऊन राहिली.”

मी चप्पल काढली आणि परत खाटेवर येऊन बसले. काय बोलावं सुचेना. तोंडून निघालं, “भाजी कशाची होती?”

“वांग्याची,” ती म्हणाली. “त्याले आवडत नव्हती. तरी निंघाला लगेच.”