तुम्ही विचारलंत म्हणून: दमूनही झोप का लागत नाही?

"दिवसभर इतकी दमते, की कधी एकदा पाठ टेकतेय असं होतं. आणि टेकली की डोळे टक्क उघडे! असं का?" शिथिलीकरण शिकवते म्हणून हा प्रश्न मला सारखा विचारला जातो.

दमलेलं शरीर सैल झालेलं असतंच असं नाही. जागेपणी मेंदूत अ‍ॅडिनोसिन नावाचं रसायन साचत जातं, त्यानं झोपेची ओढ वाढते. पण दिवसभराच्या घाईनं, काळजीनं शरीर सावध झालेलं असेल, तर दिवा मालवल्याबरोबर ते निवत नाही. त्याला वेळ द्यावा लागतो, आणि तो संध्याकाळीच द्यायचा असतो.

झोपेच्या दोनेक तास आधी मोठे दिवे बंद करा. प्रखर, विशेषतः निळसर उजेडानं मेलाटोनिन, म्हणजे रात्र झाल्याचं शरीराला सांगणारं संप्रेरक, स्रवणं लांबतं. मोबाइल दूर ठेवा म्हणते तेही त्यासाठीच, पण खरं सांगू का, मला त्याच्या उजेडापेक्षा रात्री दहाला वाचलेला कामाचा मेसेज जास्त घातक वाटतो. तास-दीड तास आधी गरम पाण्यानं आंघोळ केली तर उत्तम: हातापायांकडे रक्त वाढतं, उष्णता बाहेर पडते, आतलं तापमान उतरतं आणि झोप सोपी होते. कॉफी दुपारनंतर नकोच.

डोक्यात उद्याची कामं फिरत असतील तर ती कागदावर उतरवा. अमेरिकेतल्या बेलर विद्यापीठाच्या २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, झोपण्यापूर्वी पाच मिनिटं पुढची कामं लिहिणाऱ्यांना, झालेली कामं लिहिणाऱ्यांपेक्षा लवकर झोप लागली. यादी जितकी नेमकी तितकी झोप लवकर, हे मला त्यातलं फार मोलाचं वाटतं. "बँकेचं बघायचं" असं नको. कुठला कागद, कोणाला फोन, किती वाजता, ते लिहा.

मग खुर्चीत बसा. एडमंड जेकबसन या अमेरिकन डॉक्टरांनी गेल्या शतकाच्या सुरुवातीला घडवलेली, एकेक स्नायू आवळून सैल सोडण्याची ही पद्धत. उजवी मूठ पाच-सहा सेकंद आवळा, मग एकदम सोडा आणि बोटांत काय होतंय तिकडे लक्ष द्या. ऊब येते, हात जड होतो. तसंच दंड, खांदे, कपाळ, पोटऱ्या. जबड्यापाशी जरा थांबा. बहुतेकांचे दात एकमेकांवर दाबलेले असतात, जीभ टाळूला चिकटलेली असते, आणि सांगेपर्यंत त्यांना पत्ताच नसतो. हे झोप यावी म्हणून करू नका, कारण तसं केलं की "आली का, आली का" हे बघणं सुरू होतं. मूठ सैल झाली, तेवढंच पुरे.

एवढं करूनही आठवड्यातल्या तीन रात्री झोप लागत नसेल आणि असं तीन महिने चाललं असेल, तर मात्र डॉक्टरांकडे जा. झोपेत घोरता घोरता श्वास अडतो असं घरचे सांगत असतील, तर तीन महिनेही थांबू नका.