पाच मिलिमीटरचा चिमटा उद्यमबागेत होईल का?

बेळगावच्या उद्यमबाग-मच्छे या औद्योगिक भागातले शॉपवाले हमखास विचारतात: 'हायड्रॉलिकचे स्पूल (व्हॉल्व्हमधल्या सरकत्या दांड्या) आम्ही मायक्रॉनमध्ये घासतो, मग दुर्बिणीच्या ऑपरेशनचा चिमटा का जमू नये?' तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. जमेल. मशीन तुमच्याकडे आहेच. अडेल ते सांध्यात आणि धुण्यात.

बाहेरची नळी साधारण 330 मिमी लांब. आत एक दांडी. मूठ दाबली की दांडी मागे येते आणि दोन लिंका (छोट्या जोडपट्ट्या) जबड्यांच्या शेपट्या ओढतात. समजा, मुख्य पिनेपासून लिंकेची पिन 1.5 मिमीवर आणि जबड्याचं टोक 18 मिमीवर आहे. म्हणजे प्रमाण 1 ला 12. सगळ्या सांध्यांत मिळून 0.1 मिमी प्ले, म्हणजे ढिलाई, आला, तर टोक 1.2 मिमी डुलतं. टोकाला 5 न्यूटन पकड हवी असेल, तर प्रत्येक शेपटीवर 60 न्यूटन ओढ येते. अशा वेळी आधी पिनेचं भोकच लांबट होतं, कारण त्याच्याभोवती धातू उरतो जेमतेम अर्धा मिलिमीटर.

म्हणून भोक ड्रिलवर सोडू नका, रीमर (भोक नेमक्या मापाला आणणारं हत्यार) फिरवाच. जबडा 17-4 पीएच स्टेनलेसचा घ्या आणि 482 अंश सेल्सिअसवर तासभर एजिंग करा, म्हणजे तापवून कडक करा. वायरकटने (तारेच्या ठिणगीने कापणाऱ्या मशीनने) पृष्ठभागावर सोडलेला वितळलेला थर काढून टाका, चिरा तिथूनच सुटतात. पिन घट्ट रिव्हेट केली तर जबडा अडकतो. सैल ठेवली तर ती पेशंटच्या पोटात पडू शकते, आणि याला माफी नाही. मिटताना आधी टोकं भिडली पाहिजेत. कागदाची बारीक पट्टी धरून प्रत्येक नग तपासा.

नवख्याची नळी इथे चुकते: चिमट्यातून भाजायचा करंट जातो म्हणून नळीवर इन्सुलेशन लागतं, पण तो स्टीलच 5 मिमीचं घेतो आणि वर इन्सुलेशन चढवतो. मग चिमटा ट्रोकारच्या (पोटाच्या छिद्रात बसवलेल्या वाटेच्या नळीच्या) सीलमध्ये घासतो, इन्सुलेशन सोलतं. 5 मिमी हे इन्सुलेशनसकट माप धरा. त्या आवरणाला बारीकशी चीर गेली तरी करंट कॅमेऱ्याच्या नजरेबाहेर आतडं भाजू शकतो, म्हणून प्रत्येक नगाची हाय-व्होल्टेज चाचणी हवी.

आता धुणं. नळीत रक्त वाळलं आणि तसंच 134 अंशांच्या ऑटोक्लेव्हमध्ये (वाफेने जंतू मारायच्या यंत्रात) गेलं की ते भाजून चिकटतं, सांधा जाम होतो. म्हणून मूठ, नळी आणि आतला भाग सुटे निघतील असंच डिझाइन करा. निदान पाणी मारायला एक तोंड ठेवा. शॉपमधलं ग्रीस इथे चालत नाही, वाफ आरपार जाईल असं पाण्यात मिसळणारं वंगणच लागतं. ब्लीचच्या पाण्यात बुडवलेलं स्टेनलेस खड्डे पडून गंजतं, हेही हॉस्पिटलला लेखी द्या.

कागदपत्रांचं काम मोठं आहे: 2017 च्या मेडिकल डिव्हाइस रूल्सखाली परवाना, आयएसओ 13485 (वैद्यकीय उपकरणांचं गुणवत्ता मानक), स्टीलच्या प्रत्येक हीटची, म्हणजे ओतलेल्या घाण्याची, नोंद. त्यामुळे सुरुवात पूर्ण चिमट्याने करू नका. परवानाधारक कंपनीसाठी जबडा-लिंकेचा संच जॉबवर्कवर घ्या, आणि रीमर, पिनगेज (भोक मोजायच्या पिना) व प्रोफाइल प्रोजेक्टर (भागाची मोठी सावली पाडून माप तपासणारं यंत्र) आधी घ्या.