डिस्क खराब नव्हती

व्हीसीडी भाड्याने मिळायच्या तेव्हाची गोष्ट. स्टॅन्ली कुब्रिकचा ‘२००१: अ स्पेस ओडिसी’ घरी आणला होता. सिनेमा १९६८चा, म्हणजे माझ्याहून वयाने मोठा. पहिलं वाक्य कानावर पडायलाच पंचवीसेक मिनिटं लागली. तोवर माकडं, हाडं आणि एक गुळगुळीत काळी शिळा. शेवटच्या डिस्कवर अंतराळवीर गुरूपाशी पोचला आणि पडद्यावर रंगांच्या पट्ट्या सुसाट अंगावर यायला लागल्या. मी मनातल्या मनात दुकानदाराला शिव्या घातल्या, डिस्क बाहेर काढली, फुंकर मारली, बनियनला पुसली, परत घातली. पुन्हा पट्ट्या. मटार सोलत बसलेली आई म्हणाली, “अरे, टूथपेस्ट चोळून बघ.” तेही केलं. पट्ट्या तशाच, फक्त प्लेअरला पुदिन्याचा वास यायला लागला.

डिस्क ठणठणीत होती. सिनेमाच तसा होता.

मग ती पांढरी खोली आली. फरशीखालून उजेड, राजेशाही फर्निचर, आणि बघता बघता म्हातारा होत जाणारा तो माणूस. आईचे हात थांबले.

“हा जेवतोय तो म्हातारा कोण?”

“तोच.”

“आणि पलंगावरचा?”

“तोही तोच.”

“मग हे बाळ?”

“बहुतेक... तोच.”

“मग बरोबर आहे,” असं म्हणून ती कुकर लावायला उठली.

माझं मात्र काहीच बरोबर होत नव्हतं. ती खोली कुणाची? शिळा कशाची? पुढे आर्थर सी. क्लार्कची त्याच नावाची कादंबरी हाती लागली. कुब्रिक आणि क्लार्क यांनी ही गोष्ट बरोबरीनेच रचलेली. पण सिनेमा तोंड मिटून बसतो, तर पुस्तक विचारलं तेवढं सगळं सांगतं. शिळेच्या बाजूंचं प्रमाण १:४:९, म्हणजे एक, दोन, तीन यांचे वर्ग. आणि ती खोली? पृथ्वीवरचे टीव्ही कार्यक्रम पाहून परग्रहवासीयांनी पाहुण्यासाठी केलेली सोय! अंतराळवीर तिथे कपाटं उघडून बघतो, तर नेहमीच्या खाद्यपदार्थांच्या खोक्यांमधून सगळीकडे एकच निळा पदार्थ निघतो. यजमानांना खोकी दिसली होती, आत काय असतं ते कुठून दिसणार? त्या निळ्या पदार्थावर मी बेहद्द खूश झालो. उकल मिळाली म्हणून सिनेमा लहान झाला, असं अजिबात झालं नाही.

म्हणजे माझं भांडण उकलीशी नाही. ती कुठे येऊन बसते, एवढाच प्रश्न आहे. कुब्रिकनेही आधी खऱ्या शास्त्रज्ञांच्या मुलाखती चित्रित केल्या होत्या, सिनेमाच्या सुरुवातीला लावायला. निवेदनही ठरलं होतं. नंतर दोन्ही काढून टाकलं. उत्तर त्याच्या खिशात होतं, फक्त त्याने ते दाखवलं नाही. हे सांगायला हवं, कारण स्वतःलाच काही न सुचल्यामुळे ‘शेवट प्रेक्षकांनी ठरवावा’ म्हणणारे सिनेमेही मी पुष्कळ सोसलेत. ताट, पाट, रांगोळी सगळं मांडायचं आणि भाजी तुमची तुम्ही आणा म्हणायचं, यातला प्रकार.

याच्या उलट टोकाला ‘ब्लेड रनर’. १९८२ साली तो लागला तेव्हा लोकांना समजणार नाही या धास्तीने निर्मात्यांनी नायकाच्या, म्हणजे हॅरिसन फोर्डच्या, आवाजात निवेदन घातलं. शेवट गोड करायला हिरव्यागार डोंगरांची हवाई दृश्यंही जोडली. ती आली कुठून, तर कुब्रिकच्या ‘द शायनिंग’च्या न वापरलेल्या फिल्ममधून! मौनी माणसाच्या घरूनच साखर उसनी आणली म्हणायची.

त्या निवेदनाने एका जागी तर कहर केलाय. पाऊस कोसळतोय. ज्याला मारायला नायक आलाय त्या कृत्रिम माणसाने नायकालाच वाचवलंय, आणि आता तो छपरावर बसून आपण पाहिलेल्या चार अद्भुत गोष्टी सांगत संपत चाललाय. मान खाली जाते, हातातलं कबुतर सुटतं. आणि आपण श्वास रोखून बसलेलो असताना वरून आवाज येतो: याने मला का वाचवलं कोण जाणे, शेवटच्या क्षणी त्याला जगण्याचं प्रेम वाटलं असावं वगैरे. अरे, गप्प बस की! मर्तिकाच्या घरी मोठ्याने कारणमीमांसा करणारा एक काका असतोच, तो हा. १९९२च्या आवृत्तीत काकांना घरी पाठवलं. तिथे फक्त पाऊस पडतो.

‘इंटरस्टेलर’मध्ये काका वैज्ञानिक आहेत, एवढाच फरक. दोन वर्षं प्रवास करून यान शनीपाशी पोचलंय, समोर वर्महोल, म्हणजे अवकाशातल्या दोन लांबच्या जागा जोडणारा बोगदा, आणि तेव्हा एक सहकारी वैमानिकाला कागद दुमडून, त्यातून पेन आरपार घालून वर्महोल म्हणजे काय ते समजावतो. निघण्यापूर्वी विचारलं नाही का रे बाबा? अर्थात तो कागद आपल्यासाठी होता. आणि खरं सांगू का, थिएटरात मला त्या कागदाचा आधार वाटला होता. तक्रार सुचली ती घरी आल्यावर.

परवा भाचा आला. दहावीतला. ‘२००१’ लावतो म्हटल्यावर त्याने फोन काढला. “मामा, आधी शेवट समजावणारा व्हिडिओ बघू या ना, अकराच मिनिटांचा आहे.” मी फोन काढून घेतला, फ्रीजवर ठेवला, दिवे घालवले. सिनेमा सुरू झाला. पडदा काळाकुट्ट, आणि पाठीमागे घशात अडकल्यासारखं ते संगीत. हा अंधार चांगला तीनेक मिनिटांचा आहे, मला ठाऊक होतं. भाच्याने एक मिनिट कळ काढली. मग उठला आणि टीव्हीच्या मागे हात घालून चाचपायला लागला.

“मामा, तुझी केबल लूज आहे.”