इस्कीमम नोंदी: चार कंगोरे आणि गायब बुंधा

इस्कीमम ही गवतांची एक प्रजाती, म्हणजे जातींचा गट; रुगोसम आणि बार्बेटम तिच्यातल्या दोन जाती. भातखाचराच्या बांधावरचा तो नमुना, ज्याचं रुगोसम की बार्बेटम हे ठरत नव्हतं, त्याच्या स्पाइकलेटचा (कणसातल्या छोट्या फुलोऱ्याचा) खालचा ग्लूम, म्हणजे तळाचं खवल्यासारखं आवरण, अखेर स्वच्छ दिसला. दिसला आणि गुंता वाढला!

आधीचे फोटो सपाट यायला कारण रिंगलाइट, म्हणजे गोल दिवा. सगळीकडून सारखा उजेड पडला की सावली नाहीशी होते, आणि सावलीबरोबर कंगोरेही. रिंग बाजूला ठेवली, साधी टॉर्च काचपट्टीच्या पातळीला आडवी धरली. स्पाइकलेट आधी कोमट पाण्यात साबणाचा थेंब टाकून भिजवलं होतं, त्यामुळे ग्लूम न फाटता सुटला. एकेक कंगोरा असा उठून आला की बघत राहावं. यूएसबी मायक्रोस्कोपवर पैसे घालण्याआधी दहापटीचं चांगलं भिंग आणि तिरका उजेड करून बघा, एवढंच म्हणेन.

आता मोजणी. रुगोसमला चार ते सात ठसठशीत आडवे कंगोरे, या कडेपासून त्या कडेपर्यंत. बार्बेटमला दोन ते चार, तेही पुष्कळदा मधेच तुटलेले, म्हणजे कडेला नुसत्या गाठी. आणि इथे किती? नेमके चार. खालचे दोन सलग, वरचे दोन मधे खचलेले. त्याच रेसीमवरच्या (कणसाच्या फांदीवरच्या) शेजारच्या स्पाइकलेटवर चारही सलग. जोडीतल्या देठ असलेल्या स्पाइकलेटवर भिस्त ठेवावी, तर रुगोसममध्ये ते कधी पूर्ण वाढलेलं असतं, कधी नावापुरतं. कुसळ दोघांनाही.

निकाल लागतो बुंध्याशी: रुगोसम वर्षायू (बी धरून वाळून जाणारं), बार्बेटम बहुवर्षायू (बुंध्यातून पुन्हा फुटणारं). आणि नमुना विळ्याने कापून आलेला! मंडळी, गवत पाठवताना मुळासकट उपटा हो. बारीक माती चिकटलेली असली तरी चालेल, बुंधा हवा.

बांधावर मिळालं म्हणून रुगोसम लिहून मोकळं व्हायचा मोह आहेच. फुलावर येईपर्यंत ते भातात भातासारखंच दिसतं आणि निंदणीतून निसटतं. मूळचं आशियातलं हे तण आज आफ्रिकेत आणि लॅटिन अमेरिकेतही भातशेतीला छळतंय. पण अधिवासावरून नाव ठरवलं तर इस्कीममच्या जाती कुठे सापडतात याचा मी करतोय तो नकाशा कशाचा झाला? आपल्याला हवं तेच त्यात दिसणार.

नकाशावरून आठवलं. 1753 मध्ये लिनियसने ही प्रजाती मांडली तेव्हा म्युटिकम (तिच्यातली आणखी एक जात) त्यात होतंच. त्याचे ठिपके किनाऱ्याकिनाऱ्याने छान जुळतायत. पश्चिम घाटातल्या प्रदेशनिष्ठ जातींना वेगळा रंग दिलाय. रुगोसमचा एकच रंग मात्र फसवा वाटू लागलाय: मूळ क्षेत्र आणि भाताबरोबर पसरलेलं क्षेत्र वेगळं दाखवायलाच हवं. म्हणजे तो थर पुन्हा नव्याने.

हे लिहिता लिहिताच सुचलं: पाकिटात पिकलेली स्पाइकलेट आहेत, मग पेरूनच का बघू नये? बी धरल्यावर रोप वाळून गेलं की बुंध्यातून पुन्हा फुटलं, ते कळेल. निम्मी कुंडीत टाकतो, निम्मी पाकिटातच. तोवर हा ठिपका नकाशावरून काढून ठेवलाय.